करजणची बोट

गोव्यात ‘बोट’ या एका शब्दाचे इतके अर्थ आहेत की परगावच्या माणसाचा गोंधळ उडावा. पणजीत बोट म्हणजे बेतीला नेणारी फेरीबोट. मांडवीत नांगरलेल्या, रात्रभर लखलखणाऱ्या कसिनोंनाही आम्ही बोटच म्हणतो. माझ्या आईवडिलांच्या पिढीला बोट म्हटलं की मुंबई-पणजी आगबोट आठवते. डेकवर चटई अंथरायची, शेजारच्या अनोळखी कुटुंबाशी डबे वाटून घ्यायचे आणि रत्नागिरी, देवगड, वेंगुर्ल्याचे दिवे बघत रात्र काढायची. ती ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बंद पडली. आणि सासष्टी-बार्देशात कुणाबद्दल ‘तो तारवार आसा’ असं सांगितलं की पुढे काही विचारायचं नसतं. तो जहाजावर नोकरीला आहे, आठ-नऊ महिन्यांनी येईल, घराला नवा रंग लागेल, मुलांना चॉकलेटं मिळतील आणि तो परत जाईल.

पण नवरा-बायकोने मिळून, कुठे पोचायची घाई नसताना, आठवडेच्या आठवडे बोटीवर राहायचं ही कल्पना आपल्याकडे तशी नवीच. जगात ती शंभर वर्षांची झाली. १९२२ साली ‘लॅकोनिया’ नावाची बोट प्रवाशांना घेऊन न्यूयॉर्कहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली, तेव्हापासून असे लांबलचक जलविहार चालूच आहेत. आपल्याकडे २०१८ साली मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ आली, २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ आली, आणि आता आमच्या ऑफिसातले दोघे-तिघे दोन-तीन रात्रींची सफर करून फोटो दाखवून झालेत. फोटो बघताना मला नेहमी एकच प्रश्न पडतो. तीन रात्री ठीक आहेत हो, पण महिनाभर किंवा शंभर दिवस? खोली केवढी तर आपल्या न्हाणीघराहून थोडी मोठी. बाहेर पाणी, खाली पाणी. त्यात ही दोन माणसं दिवसभर करतात तरी काय?

या विषयावर लिहायची माझी पात्रता शून्य आहे हे आधीच सांगून टाकतो. मी सरकारी खात्यात कारकून. रोज पाणी बघतो ते मांडवी पुलावरून, बसच्या खिडकीतून. पण या प्रश्नाचं उत्तर मला एका अगदी भलत्या ठिकाणी मिळालं. गुजरातेत, वडोदऱ्याच्या दक्षिणेला, कापसाच्या शेतांमधल्या करजण गावी!

करजणचा आणि माझा संबंध बायकोकडून. सहा भावंडांत माझी बायको शेंडेफळ, आणि थोरली अक्का करजणला दिलेली. तिच्या यजमानांना, म्हणजे माझ्या साडूंना, आम्ही सगळे दादा म्हणतो. दादांचे आजोबा गायकवाडी राज्यात महसूल खात्यात होते, म्हणजे आमच्याच जातकुळीतले! नोकरीपायी करजणला आले आणि तिथलेच झाले. वडोदऱ्याकडची मराठी ही एक ऐकण्यासारखी गोष्ट आहे. वाक्य मराठी सुरू होतं आणि शेवटी हळूच एक ‘ने’ येऊन बसतो. ‘उद्या येणार ने?’ गोव्यातून गेलेल्या अक्काच्या तोंडी आता कोकणी, मराठी आणि गुजराती अशा तिन्ही भाषा एकाच वाक्यात गुण्यागोविंदाने नांदतात.

गावाला रेल्वेचा मोठा इतिहास आहे. स्टेशनचं नाव मियागाम-करजण. १८६२ साली डभोई ते मियागाम असा अरुंद रुळांचा मार्ग सुरू झाला आणि त्यावरचे डबे चक्क बैल ओढत. रूळ इतके हलके की त्यांना इंजिनाचा भार पेलेना. पुढे १८७३ मध्ये जड रूळ घातल्यावर इंजिनं नेमाने धावू लागली. भोवतीच्या काळ्या जमिनीच्या मुलखाला कानम म्हणतात. कापूस आणि तूर, बघावं तिकडे. याच तालुक्यात नर्मदेच्या काठी नारेश्वर आहे. रंगअवधूत महाराज, मूळचे पांडुरंग वळामे, मराठी घरातले आणि जन्माने गोध्र्याचे, १९२५ साली तिथे येऊन राहिले. १९३५ मध्ये त्यांनी रचलेली ‘दत्तबावनी’ गुजरातेत घरोघर म्हटली जाते. त्यांचे गुरू म्हणजे आपल्या शेजारच्या माणगावचे टेंबेस्वामी. तेव्हा गोव्याच्या माणसाला करजण वाटतं तेवढं परकं नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी एलटीसी घेतली आणि करजणला आठ दिवस राहून आलो. नुसतं भेटायला गेलो नव्हतो. दादा मरीन इंजिनीअर, ‘चीफ’ म्हणून निवृत्त झालेले. २०२१ पासून त्यांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांची मुलगी सिडनीला असते. तिचा रोज फोन असतो, पण फोनवरून माणसाला आंघोळ घालता येत नाही. अक्का एकसष्ट वर्षांची आणि दादा एकाहत्तर. भावंडांनी मिळून ठरवलं की करजणचं घर विकावं आणि दोघांनी गोव्यात आमच्या जवळ यावं. फोंड्याला एक फ्लॅटही बघून ठेवला होता, तळमजल्यावर, लिफ्टची कटकट नको म्हणून. हे अक्काच्या गळी उतरवायचं काम शेंडेफळाकडे आलं आणि शेंडेफळाबरोबर मी.

पहिल्याच दिवशी लक्षात आलं की हे घर आपल्यासारखं नाही. व्हरांड्यापासून झोपायच्या खोलीपर्यंत भिंतीला कमरेच्या उंचीवर गोल लाकडी कठडा लावलेला. दादांनी निवृत्तीनंतर घर दुरुस्त करून घेतलं तेव्हाच तो बसवला होता. जहाजाच्या बोळांत असा कठडा असतो, हेलकावे बसले की धरायला. तेव्हा गावातले लोक हसले होते म्हणे, करजणात कुठला समुद्र! आता दादा त्याच कठड्याला धरून बाथरूमपर्यंत एकटे जातात. कपाटांच्या कप्प्यांना पुढून पट्टी, वस्तू घसरून पडू नयेत म्हणून. सकाळी साडेसातला नाश्ता, बाराला जेवण, तीनला चहा, सहाला रात्रीचं जेवण. सहाला! गोव्यात त्या वेळी आमचा संध्याकाळचा चहा आणि पाव चाललेला असतो. बायकोने पहिल्या दिवशी तक्रार केली तर अक्का म्हणाली, “गो, जहाजावर खानसामा काय तुझी वाट बघत बसतो? घंटा झाली की जेवायचं.”

अक्का जहाजावर राहिली आहे हे मला माहीत होतं, पण किती आणि कशी ते या आठ दिवसांत कळलं. १९८९ साली लग्न झालं आणि तिसऱ्या महिन्यात ती दादांबरोबर निघाली, तीही आपल्याच मुरगाव बंदरातून! गोव्याचं खनिज भरून जहाज जपानला चाललं होतं. तेव्हा आपल्या खनिजाचं मोठं गिऱ्हाईक जपान. अधिकाऱ्यांना बायकोला बरोबर नेता येई. जहाजाच्या यादीवर अशा बायकांची नोंद ‘सुपरन्यूमररी’ म्हणून होते, नाममात्र पगारावर. हे ऐकून मला फारच आनंद झाला, कारण आमच्या खात्यात ‘अधिसंख्य पद’ म्हणतात ते हेच. काम नाही, पण हजेरीपटावर नाव आहे! अक्का म्हणाली, “काम नाही कसं? तुमचे दादा रात्री दोनला इंजिनातून वर येत, तेलाने माखलेले. त्यांच्याशी बोलायला जहाजावर दुसरं कोण होतं?”

मुरगावहून जपानला पंधरा-सोळा दिवस लागत. जाताना पूर्वेकडे चाललेलो, म्हणून घड्याळ थोडं थोडं पुढे करायचं. भारत आणि जपान यांत साडेतीन तासांचा फरक, तेवढी झोप वाटेत हप्त्याहप्त्याने कापली जाई. येताना ती परत मिळे. शनिवारी आग लागल्याची आणि जहाज सोडण्याची कवायत, रविवारी दुपारी बिर्याणी आणि आइस्क्रीम. अक्का सांगते, की समुद्रात वाराचं भान राहायचं ते फक्त बिर्याणीमुळे. दर्या खवळला की टेबलावरची चादर ओली करायची, म्हणजे ताटं घसरत नाहीत. नव्या नवरीला सगळ्यात कठीण काय गेलं? उलट्या? छे. “शांतता,” ती म्हणाली. इंजिनाची घरघर रात्रंदिवस चालू असते. पायाखाली, उशीखाली, पाण्याच्या ग्लासात. चार दिवसांत ती ऐकू येईनाशी होते. आणि मग एका रात्री इंजिन बंद पडतं, आणि जहाजावरचा प्रत्येक माणूस त्या शांततेने खाडकन जागा होतो. इंजिनीअर लोक तर पायात चप्पल सरकवण्याआधीच जिन्यावर असतात.

अशा तीन-चार सफरी झाल्या, सगळ्यांत मोठी सात महिन्यांची. मग मुलगी शाळेत जाऊ लागली आणि अक्का करजणला सासूबाईंकडे राहिली. पुढची पंधरा-सोळा वर्षं तिचंही आयुष्य आपल्या तारवट्यांच्या बायकांसारखंच गेलं. पत्रं, बंदरातून येणारा फोन आणि कॅलेंडर.

इथे थोडं विषयांतर करतो, पण ते विषयाला धरून आहे. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं मानणाऱ्या काळात ज्या मराठी जोडप्यांनी ही खोलीएवढी जागा वाटून घेतली, त्यांची मला नेहमी उत्सुकता वाटते. बडोद्याचे सयाजीराव १८८७ साली पहिल्यांदा विलायतेला गेले, तेव्हा परदेशगमन म्हणजे प्रायश्चित्ताचा विषय होता. पुढे त्यांच्या कितीतरी परदेशवाऱ्यांत महाराणी चिमणाबाई बरोबर असत. तिकडे बायका काय काय करतात ते डोळ्यांनी बघितलं, आणि १९११ साली त्यांचं नाव असलेलं हिंदुस्थानी स्त्रियांच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक बाहेर पडलं. करजण त्यांच्याच राज्यातलं. दुसरं जोडपं आनंदीबाई आणि गोपाळराव जोशी. १८८३ साली अमेरिकेला जाताना आनंदीबाईंबरोबर नवरा नव्हता. १८८६ साली डॉक्टर होऊन परतताना दोघं एकत्र होती, पण तेव्हा त्या आजारी होत्या आणि १८८७च्या फेब्रुवारीत गेल्या. त्या परतीच्या प्रवासात केबिनमध्ये दिवस कसे गेले असतील? पदवीचं, नोकरीचं, घराचं काय बोलणं झालं असेल? इतिहासात बंदरांची नावं राहतात, दुपारचे चार वाजता कोण कोणाला पाणी देत होतं ते राहत नाही.

तर आता अक्का-दादांच्या खऱ्या जलविहाराकडे येतो. २०१८ साली मुलीने दोघांना सिडनीहून कॅनडातल्या व्हँकुव्हरला जाणाऱ्या प्रवासी बोटीची तिकिटं काढून दिली. तेवीस दिवस. दादा आयुष्यात पहिल्यांदा बोटीवर बिनकामाचे, आणि आता अधिसंख्य कोण तर दादाच!

खोली आतल्या बाजूची, बिनखिडकीची, कारण ती स्वस्त. दिवा मालवला की सकाळ झाली की रात्र आहे ते कळत नाही. रोज रात्री दाराखालून एक छापील पत्रक यायचं, उद्या कुठे काय आहे त्याचं. सकाळी चालणारे डेकवर गोल गोल चालत. मग न्याहारी, दारातच हात निर्जंतुक करून. मग कोणी व्याख्यान ऐकायचं, कोणी विणायचं, कोणी हजार तुकड्यांचं चित्र जुळवत बसायचं. ते टेबल सगळ्यांचं, येता-जाता कोणीही एक तुकडा लावून जावा. दुपारी बाराला कप्तान ध्वनिक्षेपकावर सांगे, आपण कुठे आहोत, वारा किती, खाली समुद्र किती खोल. अक्काला चार-चार किलोमीटर पाण्याचा आकडा ऐकून पोटात खड्डा पडायचा आणि दादांना त्याच वेळी भूक लागायची. खरी गंमत कपडे धुवायच्या खोलीत. चार यंत्रं आणि शेकडो म्हातारी जोडपी! जगातल्या सगळ्या देशांतले नवरे तिथे खुर्ची टाकून यंत्राची राखण करत बसत, कोणी आपले ओले कपडे काढून स्वतःचे टाकू नयेत म्हणून. आपल्याकडच्या सार्वजनिक नळावरच्या भांडणांची अक्काला आठवण झाली.

फिजीत सुवा बंदर लागलं. तिथे बाजारात अक्का हिंदीत भाजीचे भाव विचारत हिंडली. १८७९ साली ‘लिओनिदास’ नावाच्या जहाजातून पहिले गिरमिटिये फिजीत उतरले, त्यांची ही पणतवंडं. त्यांचे पूर्वजही समुद्रातून आठवडेच्या आठवडे प्रवास करून आले होते, पण त्यांना रात्री दाराखालून पत्रक मिळत नव्हतं. सुवाहून होनोलुलूला जाताना वाटेत विषुववृत्त आणि वाररेषा दोन्ही ओलांडली. पूर्वेकडे जाताना रोज-दोन रोजांनी एक-एक तास कापून घेतात, आणि मग वाररेषेवर अख्खा एक दिवस परत देतात. तारीख तीच, वार तोच, पुन्हा एकदा! मला हे वेतन आयोगाच्या थकबाकीसारखं वाटलं. मी अक्काला विचारलं, फुकट मिळालेल्या त्या दिवसाचं काय केलं? ती म्हणाली, “पहिल्या दिवशी भांडलो होतो. दुसऱ्यांदा तोच दिवस आला तेव्हा नाही भांडलो.”

भांडण कशावरून? दादा स्वस्थ बसत नव्हते म्हणून. पहिल्या आठवड्यात ते दिवसभर भिंतीला हात लावून इंजिनाची घरघर अजमावत. जेवताना मध्येच काटा खाली ठेवून म्हणत, “वेग कमी केला.” नाटक चालू असताना म्हणत, “डाव्या बाजूला काहीतरी थरथरतंय.” अक्काने शेवटी सांगितलं, की मी लग्न तुमच्याशी केलंय, जहाजाशी नाही. मग दोघांनी तह केला. सकाळी न्याहारीनंतर दोन तास ज्याने त्याने आपापलं बघायचं. दादा वाचनालयात, अक्का विणणाऱ्या बायकांत. बाराची कप्तानाची घोषणा मात्र एकत्र, मागच्या डेकवर, रेलिंगपाशी. त्यानंतरचा दिवस दोघांचा. बोटीवर महिनाभर कसं राहतात, या माझ्या प्रश्नाचं अक्काचं उत्तर एवढंच होतं, “दिवसातून दोन तास हरवायचं आणि बाराला सापडायचं.”

त्यांची खोली आवरणारा मुलगा सासष्टीतला निघाला. पहिल्या दिवशी त्याने टॉवेलाचा हत्ती करून पलंगावर ठेवला, आणि छातीवरच्या पट्टीवरचं आडनाव वाचून अक्काने विचारलं, “गोंयचो मरे तूं?” बस्स! त्यानंतर रोज चादर घालताना पाच मिनिटं कोकणी. त्याचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. आठ महिने बोटीवर, दोन महिने घरी, असा हिशेब. अक्काने सांगितला आणि कारकुनाचा हात शिवशिवला. चार वर्षांचे अठ्ठेचाळीस महिने, त्यात बायकोबरोबर जेमतेम दहा. तिने त्याची खोली कधी पाहिली नव्हती. ती पाण्याच्या पातळीखाली होती आणि त्यात दुसरा एक जण होता. तो रोज अकरा जोडप्यांचे पलंग घालत होता. शेवटच्या दिवशी अक्काने त्याला पैशांचं पाकीट दिलं आणि सुवाला घेतलेली एक साडी दिली, बायकोसाठी. तो म्हणाला, आमच्याकडे साडी नेसत नाहीत, पण मी तिला तुमची गोष्ट सांगेन.

माझ्या आळीतही एक तारवटी राहत असे. त्याची बायको दर रविवारी संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायची आणि आम्ही पोरं तिला चिडवायचो, बोट इथून दिसत नाही म्हणून. ती हसायची. करजणला अक्काचं ऐकताना मला ती खुर्ची आठवली. काहींनी बोटीवर जोडीने दिवस काढावेत म्हणून काहींना त्याच बोटीवर एकेकट्याने ते काढावे लागतात. आपल्या गोव्यात हा हिशेब आपण पुरता ओळखून आहोत, पण बोटीच्या फोटोंत तो उमटत नाही.

पाचव्या रात्री करजणात वीज गेली. इन्व्हर्टर बिघडला होता. पंखा थांबला, फ्रीज थांबला आणि घरात एकदम शांतता पसरली. काय झालं हे मला कळायच्या आत दादांच्या खोलीतून धडपड ऐकू आली. ते कठडा धरून अंधारात झपाझप जिन्याकडे चालले होते. त्या वयात, त्या पायांनी! “इंजिन बंद झालं, खाली जायला हवं.” मी आडवा आलो तर त्यांनी मला ढकललं. मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं, पण इंजिन माहीत होतं. अक्का बॅटरी घेऊन आली, ओरडली नाही, अडवलं नाही. शांतपणे म्हणाली, “चीफ, सेकंड इंजिनीअर खाली पोचलाय. दहा मिनिटांत चालू करतो म्हणतोय.” दादा थांबले. तिथेच पायरीवर बसले, आणि ती त्यांच्या शेजारी. आम्ही दोघं दारात उभे. वीज यायला चाळीस मिनिटं लागली आणि तेवढा वेळ ती दर थोड्या वेळाने खालची बातमी सांगत होती. पंखा फिरला तेव्हा ते उठले, म्हणाले, “नोंद कर,” आणि जाऊन झोपले.

नोंद म्हणजे अक्षरशः नोंद. दुसऱ्या दिवशी अक्काने वही दाखवली. इंजिनरूमच्या लॉगबुकासारखे रकाने आखलेले, दादांनीच पूर्वी आखून दिलेले. तापमानाच्या रकान्यात अंगाचा ताप, दाबाच्या रकान्यात रक्तदाब, इंधनाच्या रकान्यात काय आणि किती खाल्लं. दुपारी बाराला दादांसमोर बसून ती ते वाचून दाखवते आणि खाली ते सही करतात. सही अजून जमते. काही दिवस पूर्ण नाव येतं, काही दिवस नुसती रेघ. शेवटी ‘शेरा’ असा रकाना, तो बहुतेक कोराच. कालच्या तारखेला मात्र लिहिलेलं होतं, ‘इंजिन ४० मिनिटं बंद.’

त्याच दुपारी माझ्या बायकोने विषय काढला. फ्लॅटचा आराखडा पसरला. डॉक्टर जवळ, आम्ही जवळ, भावंडं जवळ. सगळं खरं होतं, आणि मी आजही म्हणेन की सोयीचा विचार केला तर फोंडाच बरं. अक्काने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “गो बाय, यांच्या डोक्यातून मी गेले. परवा मला विचारलं, ताई, तुम्ही कुठल्या बंदरात चढलात? पण यांचा हात या कठड्याला विसरला नाही. रात्री उठले की हात भिंतीवर जातो आणि तिथे लाकूड सापडतं. फोंड्याच्या भिंतीवर काय सापडणार?” बायको म्हणाली, तिथेही कठडा लावू. “लाव. पण तो कठडा कुठे नेतो ते यांना कोण शिकवणार? नवीन काही यांच्या डोक्यात उतरत नाही आता.” बायको रडू लागली. म्हणाली, आणि तुझं काय? तू पडलीस तर? याला अक्काकडे उत्तर नव्हतं, आणि तिने ते असल्याचा आवही आणला नाही.

सातव्या दिवशी आम्ही चौघे रिक्षाने नारेश्वरला गेलो. दत्ताचं दर्शन झालं आणि घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. परिक्रमेतलं एक जोडपं झोळ्या ठेवून भाकरी खात होतं, बोलणं मराठवाड्याकडचं. दादा नर्मदेकडे खूप वेळ बघत होते. मग शेजारी बसलेल्या अक्काला त्यांनी, अगदी अनोळखी बाईला विचारावं तसं, अदबीने विचारलं, “आपल्याबरोबर कोणी आहे का प्रवासात?” अक्का म्हणाली, “आहेत. माझे मिस्टर आहेत.” दादांनी मान डोलावली. “बरं आहे. लांबचा प्रवास एकट्याने करू नये.”

परत येऊन दोघी बहिणी रात्री उशिरापर्यंत बोलत बसल्या. ठरलं ते असं. घर विकायचं नाही. सकाळ-संध्याकाळ चार-चार तास मदतीला गावातलाच एक मुलगा ठेवायचा, त्याचा पगार भावंडांनी वाटून घ्यायचा. इन्व्हर्टर दोन ठेवायचे. माझ्या बायकोने दर वर्षी अर्जित रजा घेऊन एक महिना करजणला यायचं, आणि त्या महिन्यात अक्काने रोज सकाळी दोन तास हरवायचं. कुठेही जावं, बाजारात, देवळात, पण घरात राहायचं नाही. अक्काने आधी नको-नको केलं. मग विचारलं, “आणि बाराला?” बायको म्हणाली, “बाराला सापडायचं.”

निघायच्या दिवशी आमची गाडी दुपारची होती. बारा वाजता अक्काने वही उघडली. ताप नाही, दाब ठीक, इंधन दोन पोळ्या आणि तुरीचं वरण. दादांनी नीट बघून सही केली. त्या दिवशी पूर्ण नाव आलं. अक्काने शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. बॅग उचलताना मी हळूच बघून घेतलं. लिहिलं होतं, ‘दोन पाहुणे उतरले. बाकी सर्व जहाजावर.’